गाळलेलं पाणी

चाळिशी उलटली, कानामागचे केस पिकले, चष्मा लागला, तरी घरात ती धाकटीच. आणि धाकटीनं सांगितलं म्हणजे ऐकायचं नाही, हा या घराचा जुना कायदा. नळ गळतोय असं ती म्हणाली तर दादा आधी नळाची बाजू घेतो आणि मग पाना शोधायला जातो.

त्यामुळे त्या सकाळी फ्रिज उघडल्यावर दुधामागे जपून ठेवलेलं पाकीट जागेवर दिसलं नाही, तेव्हा तिला आश्चर्य असं वाटलं नाही. नुसती तळपायाची आग मस्तकात गेली.

"वहिनी, माझं पाकीट कुठाय?"

"ओट्याखाली. आत्ताच काढलं." वहिनी भांडी पुसत होती, तिनं मान वळवली नाही. "ज्या फ्रिजात माझं लोणी आहे तिथं तुमचे किडे राहणार नाहीत, वन्सं. काल रात्रीच सांगितलं होतं."

"किडे नाहीत ते. सूत्रकृमी आहेत. डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत."

"दिसत नाहीत हे तर आणखीच वाईट. दिसले असते तर निदान मोजून ठेवले असते."

धाकटीनं पाकीट हाताला लावून पाहिलं. अजून गार होतं. तिनं ते पुन्हा फ्रिजात, या वेळी भाजीच्या खणात तळाशी ठेवलं आणि संध्याकाळपर्यंत त्या खणावर नजर ठेवायची असं ठरवलं. एवढ्याशा पाकिटासाठी तिनं प्रयोगशाळेतल्या बाईंना किती विनवलं होतं ते तिचं तिला माहीत. तिकडे सूत्रकृमी वाढवतात ते ठरावीक हंगामात, आणि मागणाऱ्यांची रांग मोठी. हे वाया गेलं तर दुसरं पुढच्या हंगामात. आणि पुढच्या हंगामापर्यंत आप्पांचे गुलाब राहणार नव्हते.

आप्पा म्हणजे तिचे आणि दादाचे वडील. ही नर्सरी त्यांनी उभी केली. आता पुढचा भाग दादा बघतो, म्हणजे गिऱ्हाईक, कुंड्या, गाड्या. रोपं धाकटी बघते. आणि मागच्या भिंतीलगतचा एक वाफा अजून आप्पांचा आहे, त्यात दुसऱ्या कुणी हात घालायचा नाही. त्या वाफ्यात त्यांनी स्वतः दोन जातींचा संकर करून काढलेला गुलाब आहे. जवळजवळ काळा वाटावा असा लाल, आणि वास लवंगेचा. लोक वर्षानुवर्षं मागतात. आप्पा देत नाहीत. "अजून तयार नाही," म्हणतात. पानावर ठिपके येतात, तो दोष गेल्याशिवाय विकायचा नाही. तो दोष घालवता घालवता माणूस म्हातारा झाला, ठिपके तसेच राहिले, आणि तो गुलाब साऱ्या जगात त्या एका वाफ्यापुरताच राहिला.

त्या वाफ्याला हुमणी लागली. हुमणी म्हणजे जमिनीत राहणारी पांढरी, लठ्ठ, वाकडी अळी. वर काही दिसत नाही. ती खाली मुळं कुरतडत बसते, आणि एक दिवस झाड पिवळं पडतं, हातानं ओढलं तर मुळीसकट नव्हे, मुळीशिवाय वर येतं. दादानं दोनदा औषध ओतलं. गांडुळं मेली, हुमणी राहिली. धाकटीनं उरलेल्या झाडांचे डोळे, म्हणजे फांदीवरचे कोंब, काढून नव्या खुंटांवर भरून पाहिले, पण आजारी झाडाचा डोळा धरत नाही. सगळे काळे पडून गळाले.

मग दादानं निकाल दिला. वाफा काढायचा, फरशी घालायची, वर कुंड्यांच्या मांडण्या लावायच्या. फरशा येऊनही पडल्या, वाफ्याच्या अगदी शेजारी, पाहुणे दाराशी येऊन बसतात तशा.

"महिनाअखेरपर्यंत कर तुला काय करायचं ते," तो म्हणाला. "पण घरचं झालं थोडं, त्यात हिनं विकत आणले किडे! आपल्याकडे काय तुटवडा होता का गं?"

"काट्यानं काटा काढायचा, दादा. हे सूत्रकृमी हुमणीच्या अंगात शिरतात आणि तिला आतून मारतात. मुळांना हात लावत नाहीत."

"असं ते तुला येऊन म्हणाले?"

दादाचं एक वेळ सोडा. त्याची जीभ तिखट, पण दिलेला शब्द तो पाळतो. खरी अडचण होती ती आप्पांना सांगण्याची.

आप्पा मागच्या ओसरीत खुर्चीवर बसले होते. त्यांनी 'सूत्रकृमी' हा एवढा एक शब्द ऐकला आणि हातातली कात्री खाली ठेवली.

"कुठं सोडणार म्हणालीस?"

"आपल्या वाफ्यात."

"सूत्रकृमी. माझ्या गुलाबात."

आता आप्पांची बाजूही समजून घ्यायला हवी. या माणसानं उभं आयुष्य सूत्रकृमींशी भांडण्यात घालवलं होतं. मुळांवर गाठी आणणारे, रोपं खुरटवणारे सूत्रकृमी. त्यांच्यापायी त्यांनी माती उकडली, वाफे उन्हात तापवले, एकदा तर मोहोरायला आलेली सगळी रोपं उपटून जाळली. नवीन माणूस नर्सरीत आला की आप्पा त्याला आधी बूट धुवायला लावत, न जाणो कुठल्या मातीतून काय घेऊन आला असेल.

"ते वेगळे, आप्पा. ते झाड खाणारे. हे अळी खाणारे. साप आणि गांडूळ दोन्ही लांबट असतात म्हणून काय सारखे होतात का?"

"हं," आप्पा म्हणाले.

तिनं पुन्हा सांगितलं. प्रयोगशाळेचं पत्रक वाचून दाखवलं. पाकिटावरची चित्रं दाखवली. दुसऱ्या दिवशी परत सांगितलं, तिसऱ्या दिवशी जेवताना सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. आप्पा प्रत्येक वेळी शांतपणे ऐकत आणि "हं" म्हणत. नाही म्हणाले असते तर तिला भांडता तरी आलं असतं. 'हं'शी कोण कसं भांडणार?

पण वहिनीनं पाकीट बाहेर काढलं त्या दिवशी दुपारी ते आपणहून म्हणाले, "आज संध्याकाळी सोडणार ना तुझे ते? मी असेन. माझ्या झाडांना मी सोडून कुणी पाणी घातलेलं मला चालायचं नाही."

धाकटीला एवढा आनंद झाला की तिनं विचारच केला नाही. एवढं सांगितलेलं अखेर मुरलं, असं तिला वाटलं.

ऊन उतरल्यावर तिनं वाफा पाण्यानं भिजवला, कारण कोरड्या मातीत आणि उन्हात हे जीव मरतात. बादलीत गार पाणी घेतलं, पाकीट फोडलं. आत मऊ, मातकट पीठ होतं. ते कालवल्यावर पाणी पातळ ताकासारखं गढूळ झालं. फवारणीच्या पंपाच्या तोंडाशी एक बारीक जाळी असते, कचरा अडकावा म्हणून. त्या जाळीत सूत्रकृमीही अडकतात. बाईंनी चार वेळा बजावलं होतं. तिनं जाळी काढली आणि आपल्या खिशात टाकली, म्हणजे कुणी चुकूनसुद्धा परत बसवायला नको. या घराला ती चांगली ओळखून होती. निदान तसं तिला वाटत होतं.

तेवढ्यात पुढून दादाची हाक आली. कुंड्यांची गाडी आली होती, आणि कोणत्या कुंड्या फुटक्या हे धाकटीनंच बघायचं होतं, कारण फुटकी कुंडी दादाला घरी आणल्यावरच दिसते.

"जा तू," आप्पा म्हणाले. "मी ढवळत बसतो. तळाशी बसायला नको ना?"

तळाशी बसतात हेही त्यांच्या लक्षात होतं. ती भारावून गेली.

परत आली तेव्हा पंप भरून हातगाडीवर तयार होता. "भरलासुद्धा?" तिनं विचारलं. "हात आहेत मला अजून," आप्पा म्हणाले. मग तिनं पंपाचा दांडा मारला आणि आप्पांनी नळी धरली. प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी गोल, एकही जागा न सोडता. फवारा स्वच्छ पडत होता. ती बघत होती ते आप्पांकडे. किती वर्षांनी दोघं एका कामाला उभे होते. सर्वात जुन्या झाडाशी, ज्याच्यापासून बाकी सगळी झाली त्या झाडाशी आप्पा जरा जास्त थांबले. "शहाणी माझी," ते म्हणाले. झाडाला की तिला, ते तिनं विचारलं नाही.

आठवड्यानंतर तिनं माती उकरून पाहिली. हुमणी पांढरी, लठ्ठ, आणि हलत होती. आणखी काही दिवसांनी पुन्हा उकरली. तीच हुमणी, थोडी अधिक लठ्ठ. त्याच सुमारास सर्वात जुनं झाड पिवळं पडलं. आप्पांनी त्याला हात लावला आणि ते त्यांच्या हातात आलं. त्यांनी ते परत मातीत उभं केलं, चारी बाजूंनी माती दाबली, जणू कुणाच्या लक्षात येणार नाही.

"मग?" दादा म्हणाला. "तुझ्या पाहुण्यांना इथलं जेवण आवडलं नाही वाटतं."

"दादा, आज नको."

"फरशीवाल्याला सोमवारी सांगतोय मी. तुला शब्द दिला होता तो पाळला. आता तू पाळ." तो हे वाईट सुरात म्हणाला नाही, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. चुकीच्या माणसानं बरोबर बोलावं यासारखा दुसरा ताप नाही.

तिनं प्रयोगशाळेतल्या बाईंना फोन लावला आणि सगळा राग त्यांच्यावर काढला. पाकिटात मेलेलं सामान भरता, लोकांना आशा लावता, इकडे माझ्या वडिलांचं आयुष्यभराचं काम मातीत चाललंय. बाईंनी ऐकून घेतलं. असे फोन त्यांना सवयीचे असावेत.

"फ्रिजात ठेवलं होतं?"

"हो."

"संध्याकाळी सोडलंत? माती ओली होती? जाळी काढली होती?"

"हो, हो, हो. जाळी अजून माझ्या खिशात आहे."

"फवारताना पाणी कसं दिसत होतं?"

"कसं म्हणजे? स्वच्छ."



"ताई, स्वच्छ कसं असेल?" बाई म्हणाल्या. "आमचं पीठ विरघळत नाही. शेवटच्या थेंबापर्यंत पाणी गढूळच राहतं. स्वच्छ असेल तर ते नुसतं पाणी होतं."

फोन ठेवल्यावरही ती तशीच उभी राहिली. गढूळ पाणी तिनं स्वतःच्या हातानं कालवलं होतं. मग पंपात स्वच्छ आलं कुठून? ती मागच्या नळाकडे गेली. तिथं तारेवर आप्पांचा जुना सुती पंचा कधीचा वाळत पडला होता. चार घड्यांच्या खुणा अजून त्यावर उमटलेल्या होत्या, आणि मधोमध एक गोल, मातकट डाग होता.

नळाच्या खाली एक कुंपणाचं झुडूप आहे. कुणी लावलेलं नाही, कुणी विचारत नाही. दादा त्याला सायकल टेकवतो आणि वहिनी त्यावर फडकी वाळत घालते. तेही हुमणीनं मरायला टेकलं होतं, हे तिनं पाहिलं होतं आणि मरेना का म्हणून सोडून दिलं होतं. आता त्याला टोकाटोकाला नवी पालवी फुटली होती. चकचकीत, निर्लज्ज पालवी.

ती गुडघ्यांवर बसली आणि हातांनीच माती उकरली. पहिलीच हुमणी मिळाली ती विटेसारखी लाल. मऊ पडलेली, मेलेली, सूत्रकृमींनी मारलेली अळी कशी दिसते म्हणून पत्रकात लिहिलं होतं अगदी तशी. दुसरी लाल. तिसरी लाल. त्या झुडपाखाली जिथं हात घालावा तिथं लाल. सूत्रकृमींनी आपलं काम चोख केलं होतं, जिथं सोडलं तिथं, आणि सोडलं होतं ते साऱ्या नर्सरीतल्या सर्वात फालतू झाडाखाली.

तिला रडायचं होतं की कुणाला तरी बडवायचं होतं, ते तिचं तिलाच कळेना.

ती तशीच मातीच्या हातांनी ओसरीत गेली. "आप्पा, त्या दिवशी बादलीतलं पाणी तुम्ही पंचातून गाळलंत?"

आप्पांनी खोटं बोलायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. "गाळलं. नीट, चार घड्या घालून."

"का?"

"का म्हणजे? सूत्रकृमी होते ना त्यात." ते लहान मुलाला समजवावं तसं म्हणाले. "तुझा हिरमोड करायचा नव्हता. एवढी धडपड केलीस. म्हटलं, तुझं मन राहू दे आणि माझी झाडंही राहू देत. पंचा धुतला तो लांब, नळापाशी. वाफ्यापासून लांब."

"आप्पा, ते औषध होतं!" ती ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा ती त्यांच्यावर ओरडली, आणि एकदा तोंड उघडल्यावर ते मिटेना. "मी तुम्हाला सांगितलं. वाचून दाखवलं. चित्रं दाखवली. तुम्ही नुसतं हं म्हणालात. नाही म्हणायचं होतंत. माझ्या तोंडावर नाही म्हणायचं होतंत, मी भांडले असते, रडले असते, पण मला कळलं तरी असतं. मला काय वाटलं माहीत आहे त्या संध्याकाळी? मला वाटलं, एकदा तरी माझं ऐकलं तुम्ही. मी दांडा मारत होते, आप्पा. नुसत्या पाण्याचा."

आवाज ऐकून दादा आणि वहिनी दारात आले. दादानं तोंड उघडलं, वहिनीनं त्याच्या दंडाला हात लावला, त्यानं मिटलं.

आपलेच दात, आपलेच ओठ. धाकटीनं मुठीतली लाल अळी आप्पांच्या समोरच्या स्टुलावर ठेवली, शेजारी त्यांचं भिंग ठेवलं आणि ती खाली पायरीवर जाऊन बसली. तिच्यात आणखी काही सांगायचं त्राण नव्हतं. मुळांवरच्या गाठी, अळीतले कृमी, कोण मित्र आणि कोण शत्रू, सगळं शंभरदा सांगून झालं होतं.

आप्पांनी भिंग उचललं. नखानं अळी फाडली. बराच वेळ वाकून बघत राहिले. सूत्रकृमी त्यांनी आयुष्यभर पाहिले होते, पण मुळांवर. अळीच्या पोटात, केसांच्या तुकड्यांसारखे वळवळणारे, असे पहिल्यांदाच पाहत होते.

"हे तिला खाताहेत," ते शेवटी म्हणाले.

धाकटीनं मान वर केली नाही.

"मला नीट सांगायचं होतंस."

वहिनीच्या तोंडून "अगं बाई" एवढंच निघालं. धाकटीनं कपाळावर हात मारला, मातीचा, तसाच. हसू आलं ते असं कडू की रडण्यापेक्षा वाईट.

"सांगितलं होतं, आप्पा."

"हं," आप्पा म्हणाले. मग त्यांनी भिंग पुसलं, खाली ठेवलं आणि पुन्हा उचललं. "सांगितलं होतंस. मी ऐकलं नाही. तू सांगत होतीस म्हणून ऐकलं नाही. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर निदान विचार केला असता."

हे ते तिच्याकडे बघून म्हणाले नाहीत. पण ओसरीत सगळ्यांनी ऐकलं, आणि दादानं आपल्या चपलांकडे पाहिलं.

"त्या झुडपाखाली अजून किती आहेत?" आप्पांनी विचारलं.

"आहेत पुष्कळ."

"एकेकीच्या पोटात हे एवढे. फुटल्या की मातीत पसरतील ना?"

ते पत्रकात होतं. तेही तिनं वाचून दाखवलं होतं. आता ती ते बोलली नाही. "पसरतील," एवढंच म्हणाली.

आप्पा उठले. दादा धरायला पुढे झाला, तर त्यांनी त्याचा हात बाजूला केला आणि धाकटीचा धरला. नळापाशी जाऊन दोघांनी लाल अळ्या उकरून वाडग्यात भरल्या. वाडगा वहिनीनं आपल्या ओट्यावरून आणून दिला आणि "परत नको मला तो," असं सांगितलं. मग वाफ्यावर गेले. पंप नाही, जाळी नाही, पंचा नाही. धाकटीनं खुरप्यानं बुंध्याशी भोक पाडायचं, आप्पांनी अळी आत ठेवून माती ओढायची. कितीतरी झाडं आधीच गेली होती. जी उरली होती त्यांचंही पान पिवळं होतं, आणि हे लागू पडेल असं कुणी सांगू शकत नव्हतं. शेजारी फरशांचा ढीग तसाच होता. दादा त्याच्याशी उभा राहून फोनवर कुणाला तरी म्हणत होता, "सोमवारी नको. नंतर सांगतो. नाही, तारीख माहीत नाही."

वाडग्यात थोड्याच अळ्या उरल्या तेव्हा आप्पा सर्वात जुन्या झाडाशी बसले. ते झाड नुसतं उभं होतं. मुळं नव्हती, माती दाबून ठेवलेलं होतं. त्यांनी त्याच्या बुंध्याशी बोटानं भोक पाडलं.

"आप्पा," धाकटी हळूच म्हणाली, "ते गेलंय."

"माहीत आहे मला." त्यांनी लाल अळी आत सोडली. "पण खालच्या हुमण्या त्याला खाऊन झाल्यावर शेजारच्याकडेच जाणार ना. मग इथंच अडवलेल्या बऱ्या."

बरोबर होतं. तिच्याही लक्षात आलं नव्हतं ते. तिनं वाडगा त्यांच्या पुढे सरकवला आणि ते माती ओढेपर्यंत त्या झाडाला वरून धरून ठेवलं.